सात वाजता, लाउ पा सातला, साते: काड्या गार होण्याआधी वाचायचं मार्गदर्शन

सिंगापुरात आमच्याकडे पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी त्यांना साते, म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेलं मांस आणि सोबत शेंगदाण्याचा सॉस, खायला नेणं ठरलेलं असतं. आणि बहुतेक वेळा तेच घडतं. सहा माणसं, पहिल्याच दमात साठ काड्या, मग फोटो, मग पुण्याला व्हिडिओ कॉल, मग "अरे, कोणीतरी पाणी आणा रे". पंधरा-वीस मिनिटांनी ताटात उरतात त्या चरबी थिजलेल्या, रबरासारख्या चाळीस काड्या, आणि समोर "एवढं काय कौतुक करतात हो याचं?" असा चेहरा.

निखाऱ्यावरून उतरल्यापासून जेमतेम दहा मिनिटं साते खाण्यासारखी असते. मांसाचे तुकडे नखाएवढे, काडी बारीक, गरम धरून ठेवायला ना रस्सा ना तवा. खालचे सगळे टप्पे त्या दहा मिनिटांसाठी आहेत. (उच्चार 'साते'. 'सटाय' म्हणालात तरी काड्या मिळतील, पण नका म्हणू.)

उदाहरण लाउ पा सातचं घेतलंय, कारण पाहुणे तिथेच जातात. रॅफल्स प्लेसजवळचा हा जुना, लोखंडी खांबांचा खाण्याचा बाजार. त्याच्या कडेचा बून टात स्ट्रीट संध्याकाळी वाहनांना बंद करतात, रस्त्यावर टेबलं मांडतात आणि ओळीनं सातेचे निखारे पेटतात. गेलांग सेराईला किंवा ईस्ट कोस्ट लगून फूड व्हिलेजला गेलात तरी क्रम हाच.

१. निघण्याआधी

वेळ. आठवड्याच्या दिवशी रस्ता सात वाजता बंद होतो, शनिवार-रविवारी त्याआधीच. सहा वाजता जाऊन "इथे तर काहीच नाही" म्हणत परत फिरलेली माणसं मी पाहिली आहेत. सव्वासातला पोचा. आठनंतर आजूबाजूच्या ऑफिसांतली गर्दी उतरते आणि काड्यांसाठी अर्धा तासही थांबावं लागतं. रॅफल्स प्लेस किंवा तेलोक आयर स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटं.

पाऊस. इथला पाऊस सांगून येत नाही. पाऊस आला की रस्त्यावरची टेबलं निकामी होतात आणि सगळे आतल्या मंडपात घुसतात. आकाश काळं असेल तर आधीच आत बसा.

कपडे. हळद आणि शेंगदाण्याचं तेल, दोन्ही एकदम. पांढरा शर्ट, नवा कुर्ता, रेशमी ओढणी नको. धुराचा वास केसांत आणि कपड्यांत रात्रभर राहतो, तेव्हा इथून थेट कोणाच्या घरी जायचा बेत ठेवू नका.

खिशात काय. दहा-दहा डॉलरच्या काही नोटा, कागदी रुमालांची दोन पुडकी, ओले रुमाल आणि पाण्याची बाटली. स्टॉलवर नॅपकिन मिळतील असं धरून चालू नका. पाणीही बहुतेक ठिकाणी विकतच घ्यावं लागतं. पाटीवर लिहिलेली किंमत तीच द्यायची. वर सेवाशुल्क नाही, टिप ठेवायची पद्धतही नाही.

कोण काय खातं. हे घरीच विचारा, रांगेत उभं राहून नाही. कोंबडी कोण, मटण कोण, बीफ कोणाला चालत नाही, शेंगदाणा कोणाला सोसत नाही. आणि कालनिर्णय बघा. आमच्या आत्याला मोठ्या हौसेनं नेलं आणि टेबलावर बसल्यावर तिला आठवलं की आज संकष्टी. बिचारीनं उसाच्या रसावर चंद्रोदयाची वाट पाहिली.

> सावधान: शेंगदाण्याची ॲलर्जी. सॉस वगळून नुसत्या काड्या खाऊ, असा मधला मार्ग काढू नका. सॉसचे हात, डाव, वाट्या, ताटं सगळीकडे फिरतात. ॲलर्जी असलेल्या माणसासाठी, विशेषतः मुलासाठी, सातेचा स्टॉल ही जागाच नव्हे.

> शुद्ध शाकाहारी मंडळींसाठी. मांसाच्या काड्या नको म्हणून सॉस आणि भाताचे तुकडे खाऊ, हेही सुरक्षित नाही. काही सॉसमध्ये सुकी कोळंबी किंवा तिची चटणी घालतात. लाउ पा सातच्या आत इतर देशांच्या पदार्थांचे बरेच स्टॉल आहेत, त्यांचं जेवण तिथून आणा आणि एकाच टेबलावर बसा.

२. आधी टेबल, मग काड्या

बहुतेकांचा क्रम इथेच उलटा होतो. निखाऱ्याचा वास आला की पावलं थेट स्टॉलकडे जातात. काड्या हातात येतात आणि मग ताट घेऊन बसायला जागा शोधत फिरायची. तुमच्या दहांतली सहा मिनिटं तिथेच संपली.

दोन माणसांनी टेबल धरायचं, एकानं ऑर्डर द्यायची. सगळेच ऑर्डर द्यायला गेलात तर टेबलावर कागदी रुमालाचं पुडकं ठेवा. इथे याला 'चोप करणं' म्हणतात. एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकायचा तोच प्रकार, फक्त इथे भांडण होत नाही. उलट, रिकाम्या टेबलावर पुडकं किंवा छत्री दिसली तर ती कोणी विसरून गेलंय असं समजू नका. टेबल भरलेलं आहे.

टेबल निवडताना धूर कुठे जातोय ते एकदा उभं राहून पाहा. वारा स्टॉलकडून तुमच्याकडे येत असेल तर दोन टेबलं सरका. पण फार लांबही नको. भट्टीपासून वीस पावलांत बसलेल्यांना काड्या अधिक गरम मिळतात.

टेबलाचा नंबर पाठ करा. ऑर्डर देताना तोच लागतो.

> बसण्याआधी तपासा: टेबलाचा नंबर दिसतोय का? धूर अंगावर येत नाही ना? लहान मूल येण्या-जाण्याच्या वाटेच्या बाजूला बसलेलं नाही ना? माणसं गरम ताटं आणि निखारे घेऊन तिथूनच धावत असतात.

३. पाटी वाचा, सेट नव्हे

रस्त्यावर पाऊल टाकताच दोन-तीन जण मेन्यूकार्ड नाचवत येतील. हसून मान हलवा आणि पुढे चला. एकदा पूर्ण ओळ फिरून या. तीन मिनिटं लागतात. पाहायच्या गोष्टी दोनच. निखाऱ्यावर आत्ता, याच क्षणी काड्या आहेत का, की बाजूला भाजून रचलेला ढीग आहे? आणि कच्च्या काड्यांच्या ट्रेमध्येच भाजलेल्या काड्या परत ठेवतात का? ठेवत असतील तर तो स्टॉल सोडा, कितीही रांग असली तरी.

गर्दीच्या वेळी बरेच जण काड्या अर्ध्या भाजून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा आचेवर धरतात. त्यात गैर काही नाही. पूर्ण भाजून ठेवलेला ढीग मात्र नको.

मग पाटीवरचे शब्द:

- आयाम: कोंबडी
- काम्बिंग: मटण. वास आपल्या बोकडाच्या मटणापेक्षा उग्र वाटू शकतो
- उदांग: कोळंबी
- लेम्बू: गाय-बैल, म्हणजे बीफ. लिंबाशी काही संबंध नाही
- दागिंग: शब्दशः अर्थ 'मांस', पण पाटीवर नुसतं दागिंग लिहिलं असेल तर ते बीफ धरा
- बाबात किंवा पेरुत: वजडी

'दागिंग' हा नेहमीचा खड्डा आहे. फोनवर भाषांतर केलं की 'मांस' एवढंच दिसतं, आणि लोक निश्चिंत होतात. दुसरा खड्डा सेटचा. मोठ्या रंगीत फोटोंखाली ए, बी, सी असे सेट असतात: इतक्या कोंबडीच्या, इतक्या मटणाच्या किंवा बीफच्या, वर इतकी कोळंबी. बीफ न खाणाऱ्यांनी सेट मागूच नये. सुट्या काड्या मागाव्या. सेटचं दुसरं दुखणं म्हणजे सगळं एकदम येतं, आणि आपल्याला तेच टाळायचंय.

मलाय स्टॉल हलाल असतात, तिथे डुकराचं मांस नसतं. चिनी, विशेषतः हैनानी पद्धतीच्या सातेत मात्र ते असतं. ओळखायची खूण: त्या सॉसच्या मध्यभागी अननसाचा पिवळा गर घातलेला असतो.

> सावधान: जाळी एकच. पाटीवर बीफ असेल तर ते कोंबडीच्याच निखाऱ्यावर भाजलं जातं आणि तेल लावायचा कुंचाही बहुधा तोच असतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी फक्त कोंबडी-मटण विकणारा स्टॉल शोधावा. "वेगळं भाजून द्या" अशी विनंती गर्दीत करून काही उपयोग होत नाही. माणूस 'हो' म्हणतो आणि कुंचा तोच फिरवतो.

४. मोजणी: सगळ्यात जास्त चूक इथे

एका काडीवर चार-पाच छोटे तुकडे. ते पाहून आपला माणूस म्हणतो, "एवढ्याशानं काय होणार? शंभर सांग." घाई करू नका.

माझा हिशेब असा. साते हेच जेवण असेल तर माणशी आठ ते दहा काड्या आणि दोघांत एक केतुपात, म्हणजे दाबून शिजवलेला भात. नंतर आणखी काही खायचं असेल तर माणशी पाच. लहान मुलाला तीन. काडीचा भाव एका डॉलरच्या आत-बाहेर असतो, शहराच्या मध्यावर थोडा चढा, वस्तीतल्या हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे बरेच स्टॉल असतात तिथे, थोडा उतरलेला.

आता मुख्य गोष्ट. एकूण आकड्याचे दोन किंवा तीन भाग करा. सहा जणांना पन्नास काड्या लागणार असतील तर पहिल्या फेरीत वीस. पुढच्या वीस तेव्हा सांगायच्या जेव्हा पहिलं ताट टेबलावर येतं. ते संपल्यावर नव्हे! संपल्यावर सांगितल्या तर पंधरा मिनिटं रिकाम्या काड्या चघळत बसाल. पहिलं ताट आलं की एकानं उठायचं, पुढची फेरी सांगायची, परत येऊन खायला लागायचं. तोवर त्याच्या वाटणीच्या चार काड्या राखून ठेवायला बाकीच्यांना बजावा, हे अनुभवाचे बोल.

रांग फार मोठी असेल, भट्टीवर पन्नास-पन्नास काड्या एकाच वेळी पडत असतील, तर दोन फेऱ्या एकदमच सांगा, पण दोन वेगळ्या स्टॉलना. दोघांच्या वेळा कधीच जुळत नाहीत, आणि आपल्याला तेच हवंय. वर दोन सॉस चाखायला मिळतात.

कमीत कमी किती काड्या घ्याव्या लागतात, ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी दहा. एकटे असाल तर पाच कोंबडी, पाच मटण देतात का पाहा.

ऑर्डर लहान वाक्यांत द्या. "टेबल फोर्टी-टू. टेन चिकन, टेन मटण, वन केतुपात. नो बीफ." मलाय दादांना 'अबांग', ताईंना 'काक', वयस्क असतील तर 'पाकचिक', 'माकचिक' म्हणावं. चिनी स्टॉलवर सरळ 'अंकल', 'आंटी'. ('काक' ही मोठी बहीण. आमचे काका पहिल्यांदा ऐकताना वळून पाहत होते.)

> पैसे देण्याआधी: आकडा आणि प्रकार मोठ्यानं परत म्हणून घ्या. गोंगाटात 'टेन'चं 'ट्वेंटी' सहज होतं. टेबलाचा नंबर पुन्हा सांगा. बजर (ऑर्डर तयार झाली की वाजणारी डबी) दिला तर तो हाताशी ठेवा, पर्समध्ये नको.

५. काड्या येईपर्यंत

हा वेळ वाया घालवू नका. पेयं आत्ताच आणा: उसाचा रस लिंबू पिळून, किंवा नुसतं लिंबाचं सरबत. दुधाचा गोड चहा नंतर. हात धुऊन या. फोटो काढायचे असतील तर आत्ता काढा, भट्टीचे. खजुरीच्या झापाच्या पंख्यासारखा हातपंखा, उडणाऱ्या ठिणग्या, गवती चहाच्या ठेचलेल्या दांड्यानं काड्यांवर शिंपडलेलं तेल. ताटापेक्षा हे फोटो चांगले येतात. व्हिडिओ कॉलही आत्ताच उरकून घ्या. पुण्यात या वेळी पावणेपाच वाजलेत, चहाची वेळ, सगळे घरी सापडतात.

आणि टेबलाची मांडणी करा. मधे ताटासाठी जागा मोकळी. रिकाम्या काड्यांसाठी एक वाटी किंवा बशी कडेला. ही बशी ठेवली नाही की चिकट काड्या टेबलभर पसरतात, कोपर त्यावर पडतं आणि पोरं त्यांची तलवारबाजी सुरू करतात.

६. ताट आलं: पहिलं एक मिनिट

मोजा. रंग पाहा. कडा तपकिरी, टोकं थोडी काळी, मध्ये हळदीचा पिवळा रंग आणि वर तेलाची चमक. मसाल्यात धणे, हळद, गवती चहा असतो आणि साखर सढळ हातानं घातलेली असते. ही साखर लगेच करपते, म्हणून थोडा काळेपणा यायचाच, चवीचा भाग आहे तो. सगळी काडीच कोळशासारखी झाली असेल तर मात्र परत द्या. कडवट लागते.

कोंबडीची एक काडी मधून तोडून बघा. आत गुलाबी, लिबलिबीत दिसलं तर न लाजता ताट घेऊन जा आणि "मोर कुक, प्लीज" म्हणा. दोन मिनिटांत पुन्हा भाजून देतात. भिडेखातर कच्ची कोंबडी खाऊन पुढचे दोन दिवस हॉटेलात काढण्यापेक्षा हे बरं.

सॉस तळापासून ढवळा. हे जवळजवळ कोणीच करत नाही. वाटी आली की वर लाल तेलाचा तवंग दिसतो, मिसळीवरच्या तर्रीसारखा. काडी वरवर बुडवली की नुसतं तेल लागतं आणि माणूस म्हणतो, तिखट आहे, तेलकट आहे. भरड दाण्याचं कूट, गोडवा, चिंच सगळं तळाशी बसलेलं असतं. चमच्यानं चार वेळा खालून वर करा, मग चाखा. उपासाच्या दाण्याच्या आमटीची आठवण येईल, पण त्याहून गोड आणि दाट.

मटण आधी, कोंबडी नंतर. आपण बिचकत बिचकत 'साधी' कोंबडी आधी खातो आणि मटण राखून ठेवतो. पण मटणाची चरबी गार होताच थिजते आणि टाळूला मेणासारखी चिकटते. कोंबडी पाच मिनिटं जास्त तग धरते. कोळंबी असेल तर तिचा नंबर मटणाच्याही आधी. निवली की वातड होते.

७. काडी खायची कशी

काडी आडवी धरा. टोक तोंडाच्या कडेला, दात मांसावर, आणि काडी बाजूला ओढा. कणीस खाताना मान हलते तसं नाही, काडी हलली पाहिजे. पहिला तुकडा टोकाशी असतो, तो सहज निघतो. शेवटचे दोन तुकडे काडीला चिकटलेले असतात. ते ओढताना जोर लावू नका, काट्यानं किंवा चमच्याच्या कडेनं थोडे पुढे ढकला आणि मग खा.

टोक सरळ घशाच्या दिशेनं घालायचं नाही. काडी अणकुचीदार असते आणि टोकाला जळून तापलेली. पूर्वी काड्या माडाच्या झावळीच्या हिरांच्या असत, कोकणात खराट्याला लागतात तेच. आता बहुतेक बांबूच्या. बांबूची कुसळं निघतात, तेव्हा काडी ओठांवरून घासत ओढू नका.

सगळ्या काड्यांचं मांस काट्यानं बशीत उतरवून ठेवायचं आणि मग चमच्यानं खायचं, ही नीटनेटक्या माणसांची चूक. सुटे झालेले तुकडे दोन मिनिटांत गार होतात आणि सॉसमध्ये पडले की भाजल्याचा खमंगपणा जातो. उतरवायचं फक्त लहान मुलांसाठी, आणि एका वेळी एकच काडी.

> सावधान: मुलं. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या हातात काडी देऊ नका. मोठ्या मुलांनीही तोंडात काडी धरून उठायचं नाही, पळायचं तर नाहीच.

काकडी, कांदा आणि केतुपात

ताटाच्या कडेला काकडीच्या आणि कच्च्या कांद्याच्या फोडी येतात. ती सजावट समजून बाजूला सारू नका, कोशिंबीर समजून शेवटी एकदम संपवूही नका. दोन काड्या झाल्या की एक फोड. काडीच्या टोकानंच टोचायची, सॉसमध्ये बुडवायची. साखर आणि चरबीनं जीभ जड होते, कांदा-काकडीनं ती पुन्हा मोकळी होते. फोडी संपल्या तर मागून घ्या. थोड्या देतात.

केतुपात म्हणजे माडाच्या कोवळ्या पात्यांच्या विणलेल्या चौकोनी पिशवीत तांदूळ भरून शिजवलेला भात. फुगायला जागा न मिळाल्यानं तो घट्ट वडीसारखा होतो. सुरीनं तुकडे करून देतात. काही ठिकाणी हल्ली प्लास्टिकच्या पुडीतही शिजवतात. "भात गार आहे" अशी तक्रार घेऊन स्टॉलवर जाऊ नका, तो गारच असतो. त्याला मीठही नसतं. एकेक तुकडा टोचून सॉसमध्ये बुडवायचा. वाटीभर सॉस त्यावर ओतून आमटी-भात कालवला, तर खायला चांगलाच लागतो, नाही म्हणत नाही. पण मग दुसऱ्या फेरीला सॉस उरत नाही.

८. उष्ट्याचा प्रश्न

हे लिहायचं की नाही असा विचार केला. पण घरोघरी यावरून टेबलावर नजरानजर होते, म्हणून लिहितो. सॉसची वाटी बहुधा दोघातिघांत एक येते. आणि काडीचा एक तुकडा खाऊन तीच काडी पुन्हा वाटीत गेली की ती उष्टी.

उपाय सोपा आहे. ऑर्डर देतानाच जास्तीच्या वाट्या मागा. नाही मिळाल्या तर स्वच्छ चमच्यानं सॉस आपापल्या बशीत वाढून घ्या. तेही जमत नसेल तर काडी एकदाच बुडवायची, पूर्ण लांबीची, आडवी, दोन्ही बाजूंनी फिरवून. एका बुडीत सगळ्या तुकड्यांना सॉस लागतो, पुन्हा वाटीकडे जायची गरज पडत नाही. माझी सासू वाढायच्या चमच्यानं काडीवर सॉस ओतून घेते. पद्धत अगदी नामी आहे, फक्त खाली बशी हवी.

सॉस गार झाला की आणखी दाट होतो आणि काडीवर गोळ्यानं बसतो. दुसऱ्या फेरीच्या वेळी ताजी वाटी मागा. जुन्यात नवा ओतून घेऊ नका.

९. उठण्याआधी

सगळ्या काड्या एका ताटात, टोकं एका दिशेला. प्लास्टिकच्या पिशवीत भरू नका, भोसकून बाहेर येतात आणि आवरणाऱ्या आजी-आजोबांच्या हाताला लागतात. वापरलेले रुमाल, सांडलेला भात, सगळं ट्रेवर.

ट्रे परत नेऊन ठेवणं ही इथे नुसती शिस्त नाही, नियम आहे. हॉकर सेंटरमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून आणि फूड कोर्टात १ जानेवारी २०२२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. टेबल तसंच सोडून गेलात तर पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर दंड. एवढ्या पैशांत तीनशेच्या आसपास काड्या येतात.

ट्रे ठेवायचे रॅक बऱ्याच ठिकाणी दोन असतात: हलाल आणि इतर. मलाय स्टॉलचं ताट हलालच्या रॅकवर. त्याच कारणानं, चिनी स्टॉलवरून आणलेलं डुकराचं मांस मलाय स्टॉलच्या बशीत वाढून घेऊ नका. एका टेबलावर दोन्ही चालतं, भांडी मिसळलेली चालत नाहीत.

बिघडलंच तर

काड्या गार झाल्या. स्टॉलवर गर्दी नसेल तर पुन्हा निखाऱ्यावर धरून देतात. विचारायला हरकत नाही. एकदाच. तिसऱ्यांदा भाजलेलं मांस चामड्यासारखं होतं.

जास्त मागवल्या गेल्या. बांधून घ्या, पण सॉस वेगळ्या डब्यात आणि काकडी-कांदा वेगळा. घरी मायक्रोवेव्ह नको. मांस काडीवरून उतरवा, तवा चांगला तापवा, तेलाचे दोन थेंब, मोठ्या आचेवर मिनिटभर. सॉसमध्ये चमचाभर पाणी घालून मंद आचेवर ढवळा, नाहीतर तळाला लागतो. खोलीच्या उष्णतेत दोन तासांहून जास्त राहिलेल्या काड्या टाकून द्या, इथल्या दमट हवेत तर नक्कीच.

मधेच पाऊस आला. आधी सॉसची वाटी उचला, मग काड्या, मग माणसं. ऑर्डर अजून यायची असेल तर एकानं स्टॉलवर जाऊन टेबल बदलल्याचं सांगायचं. नाहीतर तुमच्या वीस काड्या जुन्या टेबलाजवळ भिजत उभ्या राहतात.

हळदीचा डाग पडला. तिथल्या तिथे ओल्या रुमालानं घासू नका, पसरतो. कोरड्या कागदानं तेल टिपून घ्या. घरी साबण लावून धुवा आणि उन्हात वाळवा. हळदीचा पिवळेपणा उन्हात उतरतो, तेलाचा मात्र साबणानंच जातो, म्हणून साबण आधी आणि ऊन नंतर.